मदत मागणाऱ्याच्या दाराशी जाणारी सेवा: सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या गृहभेटींचे परीक्षण

संकटात सापडलेल्या कुटुंबाला हात देणाऱ्या ख्रिस्ती संस्था जगभर आहेत आणि त्यांतील अनेकांचे काम मोलाचे आहे. तरीही गरजवंताने आपल्याकडे यावे अशी अपेक्षा न धरता आपणच त्याच्या घरी जायचे, त्याच्यासमोर बसायचे, त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यायचे आणि मगच काय द्यायचे ते ठरवायचे, हा क्रम जवळजवळ दोनशे वर्षे न सोडणारी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीची गृहभेट सेवा मला त्या सर्वांत अधिक विचारपूर्वक घडवलेली वाटते. ‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ ही आज्ञा ज्यांना शिरोधार्य आहे, त्यांनी हलाखीच्या काळात ती प्रत्यक्ष कशी पाळावी, याचा एक तपशीलवार नमुना म्हणून मी या सेवेकडे पाहतो आणि तिचे गुणदोषही त्याच कसोटीवर तपासणार आहे.

सेवेची रचना समजायला अवघड नाही. सोसायटीच्या स्थानिक गटाला ‘कॉन्फरन्स’ म्हणतात आणि हा गट बहुधा एखाद्या धर्मग्रामाशी, म्हणजे एका चर्चच्या परिसरातील श्रद्धावंतांच्या समुदायाशी, जोडलेला असतो. त्यातील सदस्य धर्मगुरू नसतात. ते नोकरी, व्यवसाय, घरसंसार सांभाळणारे सर्वसामान्य श्रद्धावंत असतात आणि या कामाचा मोबदला घेत नाहीत. एखाद्या घरात अडचण असल्याचे त्या घरातील माणसाकडून, शेजाऱ्याकडून, शाळेकडून किंवा धर्मगुरूंकडून कळले, की दोन सदस्य त्या घरी जातात. परिस्थिती समजून घेऊन ते परततात, गटाच्या नियमित बैठकीत ती मांडतात आणि काय करायचे हे शक्यतो सर्वांच्या संमतीने ठरते. मदत किराण्याची असू शकते, थकलेल्या भाड्याची वा वीजबिलाची असू शकते, औषधांची, शालेय खर्चाची किंवा घरातील सामानाची असू शकते. काही वेळा ती केवळ एखाद्या सरकारी कचेरीत सोबत जाण्याची किंवा अर्ज भरून देण्याची असते. त्यानंतर पुन्हा भेट होते, आणि ही दुसरी भेट पहिलीइतकीच महत्त्वाची मानली जाते. आज ही सोसायटी सुमारे १५० देशांत काम करते आणि तिचे सुमारे ८ लाख सदस्य आहेत, परंतु कितीही मोठी झाली तरी तिचे मूळ एकक दोन माणसे आणि एक दार हेच राहिले आहे.

ही पद्धत अशी का आहे, हे कळण्यासाठी ती जिथे सुरू झाली तिथे जाणे आवश्यक आहे. १८३२ साली पॅरिसमध्ये पटकीची साथ आली आणि एकट्या त्या शहरात सुमारे १८ हजार माणसे दगावली. दाटीवाटीच्या, अंधाऱ्या वस्त्यांमध्ये विधवा आणि अनाथ मुले मागे राहिली. त्याच शहरात फ्रेडरिक ओझानाम नावाचा विद्यार्थी आपल्या मित्रांसह एका अभ्यासमंडळात श्रद्धेच्या बाजूने वादविवाद करीत असे. ख्रिस्ती धर्माने पूर्वी मोठी कामे केली हे मान्य, पण आज तुम्ही गरिबांसाठी काय करता, असा थेट प्रश्न विरोधकांनी तिथे विचारला. या प्रश्नाला शब्दांनी उत्तर देता येत नाही हे त्या तरुणांनी ओळखले. २३ एप्रिल १८३३ रोजी, ओझानामच्या विसाव्या वाढदिवशी, सहा विद्यार्थी आणि त्यांच्याहून वयाने बरेच मोठे असलेले वृत्तपत्र संपादक एमान्युएल बायी असे सातजण एकत्र आले आणि पहिला गट स्थापन झाला. मला या प्रारंभातील सर्वांत भावणारी गोष्ट म्हणजे त्यांनी स्वतःला जाणकार समजले नाही. मूफतार या गरीब वस्तीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रांद्यू यांच्याकडे ते गेले. कोणत्या कुटुंबाकडे जावे हे सिस्टरांनी सांगितले, बरोबर नेण्यासाठी धान्य-सरपणाची कूपने दिली आणि घरात गेल्यावर कसे वागावे, कसे धीराने ऐकावे, निवाडा करण्याची घाई कशी टाळावी, हेही शिकवले. गरिबांची सेवा शिकावी लागते आणि ती आधीपासून करणाऱ्यांकडून शिकावी लागते, हे विशीतल्या विद्यार्थ्यांना उमगले होते; पुष्कळ मोठ्या आणि धनाढ्य संस्थांना आजही ते उमगलेले दिसत नाही.

सोसायटीने ज्यांचे नाव घेतले त्या संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या आयुष्यातील एक प्रसंग तर या संपूर्ण सेवेचा पाया समजावा असा आहे. १६१७ साली फ्रान्समधील शातियों या गावात ते धर्मगुरू असताना, गावाबाहेरील एका घरात सगळीच माणसे आजारी असून त्यांची शुश्रूषा करायला कोणी उरलेले नाही, अशी बातमी त्यांना मिस्साविधीच्या, म्हणजे चर्चमधील उपासनेच्या, तोंडावर मिळाली. त्यांनी प्रवचनात ती सांगितली. दुपारनंतर ते स्वतः त्या घराकडे निघाले, तेव्हा वाटेवर गावकऱ्यांची रीघ लागलेली त्यांना दिसली. जो तो काहीतरी घेऊन चालला होता किंवा देऊन परतत होता. कोणत्याही धर्मोपदेशकाला धन्यता वाटावी असे ते दृश्य होते. व्हिन्सेंट यांनाही आनंद झाला, पण त्यांच्या मनात लगेच पुढचा विचार आला: आज या घरात इतके अन्न आले आहे की त्यातील बरेचसे नासून जाईल, आणि काही दिवसांनी हे कुटुंब पुन्हा पहिल्यासारखेच उपाशी राहील. लोकांच्या मनात दया भरपूर होती. उणीव होती ती तिला वळण लावणाऱ्या व्यवस्थेची. म्हणून त्यांनी गावातील काही स्त्रियांना एकत्र करून पाळ्या लावून दिल्या आणि त्या मंडळासाठी नियमावली तयार केली.

त्या नियमावलीतील एक भाग मी पुन्हा पुन्हा वाचतो, कारण उदारपणाचे इतके बारीक वर्णन फारसे आढळत नाही. जेवण घेऊन जाणाऱ्या सेविकेने आजाऱ्याला आनंदाने अभिवादन करावे, त्याच्यासमोर जेवणाची मांडणी करावी, त्याचे हात धुवून द्यावेत, प्रार्थना म्हणावी, घास खाता येईल असे तुकडे करून द्यावेत, आणि हे सर्व आपल्या पोटच्या मुलासाठी करावे तसे मायेने करावे, असे त्यात लिहिलेले आहे. त्याहून पुढचा नियम मला विशेष वाटतो. ज्यांच्याजवळ सोबतीला कोणी आहे त्यांच्याकडे आधी जावे आणि जे एकटे आहेत त्यांच्याकडे सर्वांत शेवटी, म्हणजे एकट्या माणसापाशी अधिक वेळ थांबता येईल. वरवर पाहता हा फेरीचा क्रम ठरवणारा साधा व्यवस्थापकीय नियम आहे, पण एकाकीपण हीसुद्धा उपासमारीइतकीच खरी गरज आहे, हे मान्य करून ती गरज वेळापत्रकात बसवण्याचे काम तो करतो. सेवाभावी कामाचे अहवाल वाटलेल्या पाकिटांच्या संख्येने भरलेले असतात. कोणापाशी किती वेळ बसलो याचा रकाना त्यांत नसतो.

आता प्रत्यक्ष भेटीविषयी. अशा भेटींत दोघांपैकी दुसरा म्हणून मी बसलो आहे, आणि दोन माणसांनी जाण्याचा नियम किती शहाणपणाचा आहे हे तिथे बसल्यावर कळते. एकजण बोलत असताना दुसऱ्याला घराकडे आणि माणसांकडे शांतपणे लक्ष देता येते. एकाला जे ऐकू येत नाही ते दुसरा टिपतो. घरातील व्यक्ती आणि भेट देणारे या दोघांच्याही सुरक्षिततेची काळजी घेतली जाते. आणि मुख्य म्हणजे कोणा एकाच्या मर्जीवर, रागलोभावर किंवा दयाळूपणावर ते कुटुंब अवलंबून राहत नाही. भेटीची पहिली काही मिनिटे बहुधा अवघड असतात. मदत मागण्याची वेळ प्रथमच आलेला माणूस आधी स्वतःचा बचाव करू लागतो: पूर्वी आपले कसे चांगले चालले होते, कामाला आपण कसे कधी नाही म्हटले नाही, आजारपण किंवा नोकरी जाणे कसे अचानक आले. या बोलण्याला वेळ द्यावा लागतो. ते संपल्यानंतरच खरी अडचण पुढे येते आणि पुष्कळदा ती फोनवर सांगितलेल्या अडचणीहून निराळी असते. धान्य हवे म्हणून सांगितलेले असते, आणि घरात धान्य असते पण सावकाराचा तगादा असतो. किंवा वीजबिलासाठी बोलावलेले असते आणि त्यामागे कोणाला सांगता न आलेले आजारपण निघते. ही माहिती कोणत्याही अर्जाच्या नमुन्यावर मिळत नाही. घरी जाण्याचा सर्वांत मोठा व्यावहारिक लाभ हाच आहे की चुकीची मदत देण्याची शक्यता पुष्कळ कमी होते.

याच्या अगदी उलट अनुभव मी एका दुसऱ्या ठिकाणी घेतलेला आहे. तिथे मदत वाटपाचा जाहीर कार्यक्रम होता. नावे ध्वनिक्षेपकावरून पुकारली जात होती, प्रत्येकाला व्यासपीठावर बोलावून पाकीट हाती ठेवताना छायाचित्र काढले जात होते, आणि छायाचित्र नीट आले नाही तर पाकीट परत घेऊन पुन्हा दिले जात होते. देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता. वर्गणीदारांना हिशोब दाखवण्यासाठी त्यांना ती छायाचित्रे हवी होती. परंतु रांगेतल्या एका वृद्ध गृहस्थांनी तोंडावर रुमाल धरला होता, आणि त्यांना त्या दिवशी मिळाले त्यापेक्षा त्यांचे गेले ते अधिक होते, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते. सोसायटीच्या पद्धतीत भेट घरात होते आणि भेटीचा तपशील गोपनीय ठेवणे सदस्यांवर बंधनकारक असते. मत्तयाच्या शुभवर्तमानात प्रभू येशू म्हणतात की तुमचा उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू देऊ नका. हा उपदेश देणाऱ्याचा अहंकार आवरण्यासाठी आहे असे आपण समजतो आणि ते बरोबरच आहे, पण त्यातून घेणाऱ्याच्या अब्रूचेही रक्षण होते, हे अशा कार्यक्रमात उभे राहिल्यावर लख्ख दिसते.

सोसायटीच्या नियमावलीत आणखी एक भूमिका स्पष्ट नोंदवलेली आहे: गटाजवळचा पैसा आपला आहे असे सदस्यांनी कधी समजू नये, आणि आपण मदतीस पात्र आहोत हे घेणाऱ्याने सिद्ध करून दाखवावे अशीही अपेक्षा ठेवू नये. त्याचप्रमाणे मदत करताना धर्म, वंश, मत यांचा भेद करायचा नाही. चांगल्या शोमरोन्याची, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत अशा समाजातील माणसाची, गोष्ट ज्यांनी लूकच्या शुभवर्तमानात लक्षपूर्वक वाचली असेल त्यांना यात नवल वाटणार नाही. यरुशलेमहून यरीहोकडे जाणाऱ्या वाटेवर पडलेल्या माणसाला शोमरोन्याने तू कोण, कुठला, या वाटेने का आलास, असे काहीही विचारले नाही. आणि शोमरोन्याने केलेल्या कृतींची यादी पाहिली तर ती एका उत्तम गृहभेटीची यादी आहे. तो जवळ गेला, जखमांवर तेल व द्राक्षारस ओतून त्या बांधल्या, स्वतःच्या जनावरावर त्याला बसवले, उतारशाळेत नेऊन त्या रात्री त्याची काळजी घेतली, दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाला दोन दिनार दिले आणि अधिक खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन, असे सांगितले. या शेवटच्या वाक्याकडे उपदेशांत सहसा दुर्लक्ष होते. शोमरोनी परत येणार आहे. त्याने प्रकरण निकालात काढलेले नाही. सोसायटीची दुसरी आणि तिसरी भेट याच वाक्यावर उभी आहे.

भेद न करण्याची ही परंपरा जुनी आहे आणि तिची साक्ष विरोधकांनीही दिलेली आहे. चौथ्या शतकातील रोमन सम्राट ज्युलियन याला ख्रिस्ती धर्माचा प्रसार थांबवून जुन्या दैवतांची उपासना पुन्हा सुरू करायची होती. त्याने आपल्या एका पुरोहिताला लिहिलेल्या पत्रात अशी खंत नोंदवली, की हे गालीली (म्हणजे ख्रिस्ती) लोक स्वतःच्या गरिबांबरोबर आपल्याही गरिबांना पोसतात, आणि आपल्या लोकांना मात्र आपल्याकडून मदत मिळत नाही.

आता पैशाच्या व्यवस्थेविषयी, कारण कोणत्याही सेवेचा खरा स्वभाव तिथे दिसतो. गटाच्या प्रत्येक बैठकीत एक पिशवी फिरवली जाते आणि प्रत्येक सदस्य तिच्यात कोणालाही कळणार नाही अशा रीतीने जे शक्य असेल ते टाकतो. कोणी किती टाकले, कोणी काही टाकले की नाही, हे कोणालाही ठाऊक नसते. बाहेरून मिळणाऱ्या देणग्या आणि, काही देशांत, जुन्या कपड्यांच्या व सामानाच्या दुकानांतून होणारे उत्पन्न यांच्या तुलनेत या पिशवीतील रक्कम किरकोळ असते. तरीही ती बंद करण्याचा विचार झालेला नाही, हे योग्यच आहे. कठीण काळ आला की तो केवळ मदत मागणाऱ्यांच्या घरी येत नाही. देणाऱ्यांच्याही नोकऱ्या जातात, त्यांच्याही घरी आजारपणे येतात. अशा वेळी वर्गणीचा आकडा ठरलेला असता तर ज्यांचे हात आखडलेले आहेत ते संकोचाने बैठकीला येणेच थांबवतील. गुप्त पिशवीमुळे, या महिन्यात काहीच देऊ न शकणारा सदस्यही इतरांच्या बरोबरीने बसू शकतो आणि आपला वेळ देऊ शकतो. मासेदोनियातील ख्रिस्ती मंडळ्या स्वतः अत्यंत दारिद्र्यात असताना यरुशलेमच्या गरिबांसाठी उदारपणे देत्या झाल्या, असे प्रेषित पौलाने करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीला लिहिले आहे, आणि त्याच पत्रात माणसाजवळ जे आहे त्यानुसार दिलेले मान्य होते, जे नाही त्यानुसार नव्हे, असेही म्हटले आहे. पिशवीची ही साधी प्रथा त्या वचनाशी प्रामाणिक आहे. पैसा साठवून ठेवू नये, असाही सोसायटीचा दंडक आहे. उद्या अधिक मोठे संकट येईल म्हणून आजच्या संकटाला नाही म्हणण्याचा मोह प्रत्येक खजिनदाराला होतो, आणि तो दंडक नेमका या मोहासाठी आहे.

तुलनेसाठी ब्रिटनमधील ट्रसल या संस्थेच्या अन्नपेढ्यांचा विचार करता येईल. सॉल्सबरी येथे २००० साली एका ख्रिस्ती दांपत्याने आपल्या घरच्या जागेत पहिली अन्नपेढी सुरू केली आणि पुढे चर्चच्या मदतीने त्यांचे देशभर जाळे पसरले. तिथे डॉक्टर, शाळा, समाजसेवक अशा व्यक्ती वा संस्था गरजू माणसाला व्हाउचर देतात आणि ते दाखवून केंद्रातून किमान तीन दिवस पुरेल इतके अन्न मिळते. ही व्यवस्था झटपट आहे, मोठ्या संख्येला पुरणारी आहे आणि ती सर्वत्र बरीचशी सारखी चालते. एकाच आठवड्यात हजारो घरे अडचणीत येतात तेव्हा अशी यंत्रणा नसेल तर माणसे उपाशी राहतील. केंद्रातील स्वयंसेवकही आलेल्यांना बसवून, चहा देऊन आपुलकीने बोलतात. परंतु चालत जाण्याचे, रांगेत उभे राहण्याचे आणि ओळखीच्या कोणी पाहिले तर काय, या धास्तीचे ओझे तिथे अखेर गरजवंतावरच पडते. अंथरुणाला खिळलेला, लहान मूल घरी एकटे ठेवता न येणारी आई किंवा लाजेने घराबाहेरच न पडणारा माणूस तिथे पोहोचत नाही. गृहभेटीत हे ओझे देणाऱ्याने उचललेले असते. मला दोन्ही पद्धती हव्याशा वाटतात, पण शेजारप्रीतीच्या आज्ञेला अधिक जवळची कोणती, असे विचारल्यास मी निःसंशय गृहभेटीचे नाव घेईन.

या सेवेच्या उणिवाही लहान नाहीत आणि त्या लपवण्याने सेवेचे काही भले होणार नाही. पहिली आणि सर्वांत गंभीर उणीव म्हणजे विषमता. सेवा पूर्णपणे स्थानिक स्वयंसेवकांवर उभी असल्यामुळे एका ठिकाणचा गट तत्पर, समजूतदार आणि भरपूर मनुष्यबळ असलेला असतो, तर दुसऱ्या ठिकाणी दोन-तीन थकलेले सदस्य सगळा भार वाहत असतात आणि तिसऱ्या ठिकाणी गटच नसतो. संकट मात्र गट पाहून येत नाही. अनेक ठिकाणी सदस्यांचे वय वाढलेले आहे आणि तरुणांची भर पुरेशी पडत नाही. विद्यार्थ्यांनी स्थापन केलेल्या चळवळीच्या बाबतीत हे विशेष खटकते. यात स्त्रियांच्या सहभागाचा इतिहासही लक्षात घ्यावा लागेल: प्रारंभीचे गट पुरुषांचे होते, स्त्रियांनी १८५६ साली इटलीत बोलोन्या येथे स्वतंत्र सोसायटी सुरू केली आणि दोन्ही एकत्र यायला १९६७ साल उजाडले. ज्या परंपरेची पहिली नियमावली शातियोंच्या स्त्रियांसाठी लिहिली गेली, तिने एवढा विलंब लावायला नको होता.

दुसरी उणीव वेगाची आहे. भेट, बैठक, चर्चा, निर्णय या क्रमाला काही दिवस लागतात, आणि घरमालक दारात उभा असताना काही दिवस फार असतात. तातडीच्या प्रसंगी बैठकीची वाट न पाहता भेट देणाऱ्या दोघांनाच ठरावीक मर्यादेपर्यंत निर्णय घेण्याची मोकळीक देणारे गट मला अधिक योग्य वाटतात. २०२० साली कोरोनाच्या साथीत तर या सेवेचा मूळ आधारच निखळला, कारण घरी जाणे हेच धोक्याचे झाले होते. अनेक ठिकाणी सदस्यांनी फोनवरून विचारपूस चालू ठेवली आणि सामान दाराशी पोहोचवले. फोनवर घर दिसत नाही, त्यामुळे ही व्यवस्था मूळच्या तोडीची नव्हती. तरीही विचारपूस खंडित झाली नाही, हे मान्य करावे लागेल.

तिसरी उणीव सूक्ष्म आहे आणि ती नियमांनी दूर होण्यासारखी नाही. दुसऱ्याच्या घरात मदत घेऊन जाणाऱ्या माणसाच्या हाती नकळत सत्ता येते. तो घरभर नजर फिरवतो, टीव्ही केवढा आहे ते पाहतो, मनात हिशोब करू लागतो. सिस्टर रोझाली यांनी विद्यार्थ्यांना निवाडा न करण्याविषयी बजावले होते ते या धोक्यामुळेच, आणि तो धोका आजही प्रत्येक भेटीत हजर असतो. भेट देणाऱ्यांना पुरेसे प्रशिक्षण न देणाऱ्या गटांत सद्हेतूनेही माणसे दुखावली जाऊ शकतात. उपदेश करण्याची घाई हाही याच धोक्याचा भाग आहे. बंधूला किंवा बहिणीला वस्त्र नाही, रोजचे अन्न नाही, आणि तुम्ही त्यांना सुखाने जा, ऊब घ्या, तृप्त व्हा म्हणता पण गरजेचे काही देत नाही, तर त्याचा उपयोग काय, असे याकोबाच्या पत्रात विचारलेले आहे. नुसती प्रार्थना करून उठणाऱ्या आणि काहीही न देता संपणाऱ्या प्रत्येक भेटीला तो प्रश्न लागू पडतो.

या सेवेवर नेहमी घेतला जाणारा मोठा आक्षेप असा, की एकेका घरी जाऊन केलेल्या मदतीने दारिद्र्याची कारणे दूर होत नाहीत. आक्षेप खरा आहे आणि ओझानाम स्वतः तो जाणून होता. १८४८ साली पॅरिसमध्ये कामगारांचा उठाव झाला, त्या काळात तो प्राध्यापक होता आणि श्रमिकांच्या बाजूने त्याने सातत्याने लिहिले. त्याचा विचार असा होता की प्रीती ही वाटेत लुटल्या गेलेल्या प्रवाशाच्या जखमांवर तेल ओतणारा शोमरोनी आहे, आणि लुटालूट होऊच नये हे पाहणे न्यायाचे काम आहे. त्याने दोहोंपैकी एकाची निवड करायला सांगितले नाही. शिवाय गृहभेटींतून जे कळते ते न्यायाच्या कामालाही उपयोगी पडते: एकाच वस्तीतील अनेक घरांत एकाच प्रकारचे कर्ज, एकाच कारखान्याची थकलेली मजुरी किंवा एकाच योजनेचे अडलेले अर्ज दिसू लागले, की प्रश्न त्या घरांचा नाही हे स्पष्ट होते. काही देशांत सोसायटी अशी माहिती शासनापुढे मांडते आणि धोरणे बदलण्यासाठी आवाज उठवते. हे काम सर्वत्र व्हायला हवे. पुष्कळ गट अजून सामानाची पिशवी पोहोचवण्यापाशीच थांबतात. ओझानाम १८५३ साली वयाच्या चाळिसाव्या वर्षी वारला आणि १९९७ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्याला धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केले. त्याच्या नावे भरणाऱ्या सभांत त्याच्या दयाळूपणाबरोबर त्याच्या न्यायविचारालाही तेवढाच वेळ मिळाला तर मला समाधान वाटेल.

ज्यांना मदत हवी आहे त्यांच्यासाठी माझे मत असे: मोठी रक्कम, दीर्घकाळचे कर्ज किंवा न्यायालयीन प्रकरण यांसाठी या सेवेवर पूर्ण विसंबून राहू नये, कारण गटांची ऐपत मर्यादित असते. परंतु अचानक ओढवलेले आजारपण, नोकरी जाणे, घरातील कर्त्या माणसाचा मृत्यू किंवा नवख्या शहरातील एकटेपणा अशा प्रसंगी संपर्क साधावा आणि तो लवकर साधावा. सगळे विकून झाल्यावर, सगळीकडे उसनवारी करून झाल्यावर नव्हे. आपण ख्रिस्ती नाही किंवा चर्चला जात नाही म्हणून मागे राहण्याचे कारण नाही. पहिल्या भेटीत कागदपत्रे हाताशी असली तर अर्ज भरायला सोपे जाते, पण सगळी अडचण पहिल्याच दिवशी सांगितली पाहिजे असेही नाही.

ज्यांना सदस्य व्हायचे आहे त्यांनी देणगीपेक्षा वेळेचा हिशोब आधी करावा. नियमित बैठका, संध्याकाळच्या भेटी, कचेऱ्यांच्या फेऱ्या आणि जे ऐकले ते स्वतःपाशीच ठेवण्याची शिस्त, एवढे या सेवेला लागते. प्रारंभी अनुभवी सदस्याबरोबर दुसरा माणूस म्हणून जावे, कमी बोलावे, आणि भेट संपताना पुढच्या भेटीचा दिवस सांगूनच उठावे. तो दिवस पाळणे जमणार नसेल तर गटातील कोण येईल हे त्या घराला आधी कळवावे.